राज्यकर्त्यांसाठी आणि राज्यकर्त्यांविरुद्ध

7 एप्रिल 1985, ईस्टरचा रविवार. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागातल्या मोरिया गावी झायन ख्रिश्चन चर्चची वार्षिक यात्रा भरली होती. लाखो कृष्णवर्णीय भाविक आले होते. त्यांच्यापुढे पाहुणे म्हणून उभे राहिले राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा, वर्णभेदी राजवटीचे प्रमुख. बोथांनी बायबल उघडले आणि संत पौलाच्या रोमकरांस पत्राच्या 13 व्या अध्यायाचा हवाला दिला. अधिकारी देवाने नेमलेले असतात, त्यांच्या अधीन राहा, असे सांगणारा तो अध्याय. चर्चच्या बिशपांनी त्यांचा सन्मान केला.

त्यानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, 16 जूनला, याच देशात वेगळ्याच प्रार्थनेची हाक दिली गेली. दक्षिण आफ्रिकी चर्च परिषदेने ख्रिस्ती लोकांना आवाहन केले की, या दिवशी अन्यायी राजवटीचा अंत व्हावा अशी देवाकडे मागणी करा. राज्यकर्त्यांना सुबुद्धी मिळो, देशात शांतता नांदो, या नेहमीच्या विनवण्या तिथे पुरेशा मानल्या नव्हत्या. मागणी होती ती राजवट जाण्याची.

दोन्हीकडे तोच देव, तेच बायबल. ख्रिस्ती प्रार्थना आणि राजकारण यांचा संबंध तपासायचा, तर दक्षिण आफ्रिकेइतका बोलका दाखला दुसरा सापडणार नाही. तिथे पीडणारे ख्रिस्ती होते, पीडित बहुतांशी ख्रिस्ती होते, आणि दोघेही मनापासून प्रार्थना करत होते. त्यामुळे 'धर्माने राजकारणात पडावे की पडू नये' हा आपला नेहमीचा वाद तिथे लागूच पडत नाही. प्रार्थना राजकारणात होतीच, सुरुवातीपासून होती. प्रश्न एवढाच उरतो की ती काय मागत होती, आणि मागणाऱ्याला त्याची काय किंमत मोजावी लागत होती.

मुळात शास्त्रवचनांतच दोन सूर आहेत. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. यिर्मया संदेष्टा बाबेलला नेलेल्या बंदिवानांना पत्राने कळवतो की, ज्या नगरात तुम्हाला पाठवले आहे त्याच्या भल्यासाठी विनंती करा. ते नगर शत्रूचे होते, हे इथे विसरून चालणार नाही. दुसरीकडे प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र आणि इतर प्रेषित यरुशलेमच्या न्यायसभेला तोंडावर सांगतात की, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानणे आम्हाला भाग आहे. इसवी सन 197 च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुल्लियनने रोमी अधिकाऱ्यांना उद्देशून केलेल्या बचावात हे दोन्ही सूर एकत्र आणले. आम्ही सम्राटाच्या दीर्घायुष्यासाठी, राज्याच्या सुरक्षिततेसाठी प्रार्थना करतो, पण सम्राटाला देव म्हणणार नाही, हा त्याचा मुद्दा. सम्राटासाठी प्रार्थना होईल, सम्राटाची होणार नाही. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाईन ख्रिस्ती मंडळींचा पाठीराखा झाला आणि ही रेषा पुसट होत गेली. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची तोच आता देवळे बांधून देणारा होता.

दक्षिण आफ्रिकेत ही रेषा पुसली जाण्याची एक तारीखच दाखवता येते. 16 डिसेंबर 1838 रोजी, पुढे 'ब्लड रिव्हर' म्हणून ओळखल्या गेलेल्या नदीकाठी, केप सोडून आत सरकलेल्या डच वंशाच्या वसाहतवाल्यांनी झुलू सैन्याचा पराभव केला. तीन हजारांवर झुलू मारले गेले. वसाहतवाल्यांपैकी एकही दगावला नाही. लढाईच्या आधीच्या दिवसांत त्यांनी देवाला नवस केला होता की, जय मिळाला तर हा दिवस आम्ही आणि आमची मुलेबाळे तुझ्या आभाराचा दिवस म्हणून पाळू. नवस फेडण्यात तसे वावगे काही नाही. घात झाला तो पुढे. विसाव्या शतकात हा नवस या वसाहतवाल्यांच्या वंशजांच्या, म्हणजे आफ्रिकानेरांच्या, राष्ट्रवादाचा पाया बनला. 1910 पासून ती तारीख सरकारी सुट्टीची झाली. प्रिटोरियाच्या टेकडीवर 1949 मध्ये उद्घाटन झालेल्या व्होर्टरेकर स्मारकाच्या घुमटात एक छिद्र ठेवले आहे. दरवर्षी 16 डिसेंबरला भर दुपारी सूर्याचा किरण त्यातून खाली उतरतो आणि तळघरातल्या प्रतीकात्मक समाधीवरच्या अक्षरांवर पडतो. एका जमावाची भेदरलेली विनवणी दगडात अशी कोरली गेली की देवाने हा देश याच लोकांना दिला आहे, असा तिचा अर्थ झाला.

डच रिफॉर्म्ड चर्चचा वाटा यात मोठा होता. 1857 मध्ये या चर्चच्या महासभेने ठरवले की गोऱ्यांनी आणि इतरांनी एकत्र उपासना करणे शास्त्राला धरून आहे खरे, पण काहींच्या 'दुबळेपणामुळे' ते अडचणीचे होत असेल तर वेगळी उपासना करायला हरकत नाही. प्रभुभोजनाचे टेबल आधी वेगळे झाले, मग 1881 मध्ये मिश्रवर्णीयांसाठी चर्चच वेगळे निघाले. ज्यांना एका टेबलाशी बसवत नव्हते, त्यांना एका शाळेत, एका वस्तीत, एका मतदारयादीत कशाला बसवतील? 1948 मध्ये वर्णभेदाचे धोरण घेऊन सत्तेवर आलेले पंतप्रधान डी. एफ. मालान हे याच चर्चचे माजी पाळक होते. 1961 च्या प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेची सुरुवातही सर्वशक्तिमान देवापुढे नम्र होऊन, निरनिराळ्या देशांतून आपल्या पूर्वजांना गोळा करून हा देश त्यानेच आपल्याला दिला अशी कृतज्ञता सांगून होते. त्या 'आपल्या'त देशातली बहुसंख्य माणसे मोजलेलीच नव्हती.

दुसऱ्या बाजूची प्रार्थनाही तेवढीच जुनी. 1897 मध्ये जोहान्सबर्गजवळच्या मेथडिस्ट मिशन शाळेतले शिक्षक इनॉक सोंटोंगा यांनी मुलांसाठी एक प्रार्थनागीत रचले, 'न्कोसी सिकेलेल इ आफ्रिका'. प्रभू, आफ्रिकेला आशीर्वाद दे, एवढाच त्याचा अर्थ. 8 जानेवारी 1912 ला ब्लूमफाँटेनच्या एका चर्चमध्ये, पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या नावाने ओळखल्या गेलेल्या संघटनेची स्थापना झाली, तेव्हा ते गायले गेले. पहिले अध्यक्ष जॉन दुबे हे धर्मोपदेशक होते. 9 ऑगस्ट 1956 रोजी सुमारे 20 हजार स्त्रिया कृष्णवर्णीयांना ओळखपास बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध प्रिटोरियाच्या सरकारी इमारतीपुढे जमल्या, अर्धा तास निःशब्द उभ्या राहिल्या आणि मग हेच गीत गाऊन परतल्या. सत्तेची नावे न घेता, शिव्याशाप न देता, कोणाचे वाईट न चिंतता नुसता आशीर्वाद मागणारे हे गीत राजवटीला का टोचत होते, हे समजून घेण्यासारखे आहे. आशीर्वाद साऱ्या आफ्रिकेसाठी मागितला की कायद्याने केलेली वाटणी नाकारलीच जाते.

अल्बर्ट लुथुली यांच्याकडे पाहिले म्हणजे हे अधिक उमगते. ते झुलू समाजातले निवडून आलेले सरदार आणि काँग्रिगेशनल चर्चचे निष्ठावंत सभासद. 1952 मध्ये सरकारने त्यांना सांगितले की सरदारकी किंवा काँग्रेस, एक काय ते निवडा. त्यांनी काँग्रेस सोडायला नकार दिला, सरदारकी गेली. त्या वेळी काढलेल्या निवेदनात त्यांनी स्वातंत्र्याची वाट क्रुसावरून जाते, असे म्हटले. पुढे 1960 सालचे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले. त्यांच्या ख्रिस्तीपणात आणि राजकारणात सांधा दिसत नाही, कारण दोन्ही एकाच मुशीतून आले होते.

गोऱ्या चर्चनेत्यांपैकी अनेकांनी वर्णभेदाचा निषेध केला, पण निषेधाची भाषा फार जपून वापरली. त्यातला एक प्रसंग मला विशेष वाटतो. 1957 मध्ये सरकारने एक कलम आणले, ज्याने गोऱ्यांच्या भागातल्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांनी उपासनेला येण्यावर बंदी घालता येणार होती. केपटाउनचे अँग्लिकन आर्चबिशप जेफ्री क्लेटन हे बंडखोर वृत्तीचे नव्हते. कायदा मोडण्याची कल्पना त्यांना आवडत नसे. तरी 6 मार्चला, राखेच्या बुधवारी, त्यांनी पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रावर सही केली. हे कलम आम्ही पाळू शकत नाही आणि आमच्या लोकांनाही पाळायला सांगू शकत नाही, असा त्याचा आशय होता. तुरुंगात जाण्याची त्यांना हौस नव्हती, पण वेळ आली तर जाईन असे त्यांनी सहकाऱ्याला सांगितले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. प्रार्थनेच्या दारावरच सरकार उभे राहिले, तेव्हा हा सौम्य माणूस 'नाही' म्हणाला. शाळा, वस्त्या, पास यांच्या वेळी चर्चने एवढ्याच ठामपणे नाही का म्हटले नाही, हा प्रश्न मात्र त्या पत्राने मिटत नाही.

बायर्स नॉडे यांचे मोल यामुळेच जास्त. आफ्रिकानेर घराण्यातला माणूस, डच रिफॉर्म्ड चर्चचा प्रतिष्ठित पाळक, सत्ताधाऱ्यांच्या ब्रूडरबोंड या गुप्त संघटनेचा सभासद. पुढे पंतप्रधान होईल अशी ज्याच्याविषयी कुजबुज असायची, त्याने सप्टेंबर 1963 मध्ये आपल्या मंडळीपुढे प्रेषितांच्या कृत्यांतल्या त्याच उताऱ्यावर उपदेश केला, पाळकपदाचा झगा उतरवला आणि सर्व वंशांच्या ख्रिस्ती लोकांना एकत्र आणणाऱ्या ख्रिश्चन इन्स्टिट्यूटचे काम हाती घेतले. आप्तांनी पाठ फिरवली. 1977 मध्ये सरकारने त्यांच्यावर निर्बंध लादले. त्यांना एका वेळी एकाहून अधिक माणसांना भेटता येत नसे. सात वर्षे हे चालले. त्यातून बाहेर आल्यावर 1985 च्या प्रारंभी डेस्मंड टूटूंच्या जागी ते चर्च परिषदेचे सरचिटणीस झाले.

म्हणजे 16 जूनच्या प्रार्थनेची हाक गेली ती याच नॉडेंच्या काळात. 16 जून ही तारीख सोवेटोची. 1976 मध्ये त्या दिवशी शाळकरी मुलांवर गोळीबार झाला होता, आणि जीव वाचवायला मुले रेजिना मुंदी चर्चमध्ये धावली तेव्हा पोलीस तिथेही घुसले होते. नऊ वर्षांनी निघालेल्या या हाकेने खळबळ उडाली. वर्तमानपत्रांत टीका झाली. सरकार चिडले. काही मोठ्या चर्चच्या नेत्यांनी, ज्यांनी वर्णभेदाला विरोध केला होता त्यांनीसुद्धा, या शब्दरचनेपासून अंतर राखले. राजवट उलथावी अशी प्रार्थना उपासनेत कशी करायची? उद्या कोणीही उठून कोणाच्याही नाशासाठी हात जोडेल, ही त्यांची भीती होती.

ही भीती मी हलक्यात घेत नाही. विरोधकांच्या विनाशासाठी प्रार्थना करणाऱ्यांचे पेव आज जगभर फुटले आहे. पण आवाहन करणाऱ्यांचे उत्तर मला पटते. दर रविवारी तुम्ही राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करता, तेव्हा ती राजकीयच असते. फक्त चालू व्यवस्थेच्या बाजूची असल्यामुळे कोणाला ती राजकीय वाटत नाही. जुलूम चालू असताना 'शांतता दे' एवढेच मागणे म्हणजे पीडितांनी गप्प बसावे असे मागणे. त्यांनी माणसांचा नाश मागितला नव्हता, अन्यायी सत्तेचा अंत मागितला होता. नेमका हा फरक पाळला गेला का, हेच अशा प्रत्येक प्रार्थनेत पाहायला हवे. महिनाभरानंतर, जुलैमध्ये, सरकारने देशाच्या अनेक भागांत आणीबाणी पुकारली. सप्टेंबरात तिथल्या धर्मपंडितांनी काढलेल्या 'कैरोस' निवेदनाने हा वाद आणखी धारदार केला. रोमकरांस पत्राचा आधार घेऊन सत्तेला पवित्र ठरवणारी विचारसरणी आणि अन्यायाचे मूळ न शोधता समेटाच्या गोड गोष्टी बोलणारी चर्चची भाषा, दोन्हींवर त्यात कोरडे ओढले होते.

किंमत मोजावी लागलीच. फेब्रुवारी 1988 मध्ये सरकारने 17 संघटनांवर निर्बंध घातले. 29 तारखेला केपटाउनच्या सेंट जॉर्जेस कॅथेड्रलमधून धर्मगुरू हातात हात घालून संसदेकडे निघाले. पोलिसांनी अडवले तेव्हा ते रस्त्यातच गुडघे टेकून बसले. टूटूंसह अनेकांना ताब्यात घेतले, बाकीच्यांवर पाण्याचे फवारे सोडले. त्याच वर्षी 31 ऑगस्टच्या रात्री जोहान्सबर्गमधले चर्च परिषदेचे मुख्यालय, खोत्सो हाउस, बॉम्बने उद्ध्वस्त झाले. नॉडेंनंतर सरचिटणीस झालेले फ्रँक चिकाने यांच्या कपड्यांना 1989 मध्ये विष लावले गेले. ते मरता मरता वाचले. हेच चिकाने पूर्वी कोठडीत असताना त्यांचा छळ करवणारा गोरा अधिकारी त्यांच्याच अपोस्टॉलिक फेथ मिशन या पंथाचा डीकन होता. सकाळी छळ, रविवारी प्रार्थना. हा दंभ होता म्हणून सोडून द्यावे, इतके ते सोपे नाही. त्या माणसाला दोन्हींत विसंगती दिसत नव्हती, आणि दिसू नये अशी सोय त्याच्या चर्चने पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवली होती.

या कथेचा पुढचा भाग 2006 सालचा. वर्णभेदी राजवटीचे कायदा व सुव्यवस्था मंत्री एड्रियान फ्लोक, ज्यांनी वर्णभेदकाळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगापुढे खोत्सो हाउसच्या स्फोटातला आपला सहभाग कबूल केला होता, ते बायबल आणि भांडे घेऊन प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंगमध्ये गेले. चिकाने तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे महासंचालक होते. फ्लोक यांनी क्षमा मागितली आणि त्यांचे पाय धुतले. चिकानेंनी ते धुऊ दिले. काहींना हे नाटक वाटले, काहींना शिक्षेतून पळवाट. पण विषप्रयोगाचा खटला टळला नाही. 2007 मध्ये फ्लोक यांना त्यात स्थगित का होईना, शिक्षा झाली. क्षमा आणि न्याय एकमेकांची जागा घेत नाहीत, दोन्ही आपापल्या वाटेने गेले.

1994 च्या निवडणुकीआधीचा एप्रिल महिनाही नोंदवायला हवा. नाताळ प्रांतात काँग्रेस आणि झुलूंमध्ये रुजलेला इंकाथा पक्ष यांच्या वैरात हजारो बळी गेले होते आणि इंकाथाचे नेते बुथेलेझी मतदानावर बहिष्कार टाकून बसले होते. 17 एप्रिलला डर्बनच्या किंग्ज पार्क मैदानावर ख्रिस्ती प्रचारक मायकेल कॅसिडी यांच्या संस्थेने शांततेसाठी प्रार्थनासभा भरवली. त्याच दिवसांत केनियाचे वॉशिंग्टन ओकुमू तडजोडीचा मसुदा घेऊन दोन्ही बाजूंच्या नेत्यांना भेटत होते. 19 तारखेला बुथेलेझी राजी झाले, छापून झालेल्या मतपत्रिकांच्या तळाशी इंकाथाच्या नावाची पट्टी चिकटवली गेली. हा चमत्कार होता असे अनेक भाविक मानतात. मला तो मसुद्याच्या प्रत्येक कलमावर घासाघीस करणाऱ्या माणसांचा आणि मैदानावर हात वर करून उभ्या असलेल्या माणसांचा मिळून वाटतो.

नव्या राष्ट्राने प्रार्थनेचे काय केले? 'न्कोसी सिकेलेल' राष्ट्रगीतात आले आणि 1996 च्या घटनेच्या सरनाम्यातही अखेरीस देवाच्या आशीर्वादाची मागणी आली, अनेक भाषांत. संसदेच्या कामकाजाआधी मात्र एका धर्माची प्रार्थना म्हटली जात नाही. मूक प्रार्थना किंवा चिंतन यासाठी क्षणभर शांतता पाळली जाते. घटनेत सरकारी संस्थांमध्ये धार्मिक उपासनेला मुभा आहे, पण ती सर्वांना समान आणि ऐच्छिक असली पाहिजे. 421 विरुद्ध 2 मतांनी घटना मंजूर झाली. विरोधातली दोन मते होती आफ्रिकन ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाची. ख्रिस्ताच्या नावाचा पक्ष आणि ख्रिस्ती लोकांची मते यांत किती अंतर असते, ते या आकड्यावरून कळते. 16 डिसेंबरची सुट्टी राहिली, तिचे नाव समेटाचा दिवस झाले. टूटूंच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन व समेट आयोगाची पहिली बैठकही 1995 मध्ये त्याच तारखेला भरली. आयोगाच्या सुनावण्यांत प्रार्थना असावी का यावर आयोगातच मतभेद होते. न्यायासारख्या कामाला एका धर्माचा रंग नको, हे म्हणणे रास्त होते. जोहान्सबर्गला टूटूंनी त्याप्रमाणे नुसती शांतता पाळून पाहिली, पण ते अस्वस्थ झाले आणि अखेर त्यांनी प्रार्थना म्हटलीच. साक्षीला आलेल्या बहुतेक आया-बायांना ती हवी होती, हे खरे. तरीही आयोग सरकारी होता, आणि या एका बाबतीत मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला आहे.

इतरत्रही हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांत आला. लाइपझिगच्या निकोलाय चर्चमधल्या सोमवारच्या शांतिप्रार्थनांतून 9 ऑक्टोबर 1989 ला सुमारे 70 हजारांचा मोर्चा रस्त्यावर आला आणि पूर्व जर्मनीच्या सत्तेला गोळी झाडता आली नाही. अमेरिकेत सरकारी शाळांमध्ये सरकारने ठरवून दिलेली प्रार्थना 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, तो वाद अजून धुमसतो आहे. आपल्याकडे मे 2018 मध्ये दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी धर्मप्रांतातल्या चर्चना पत्र लिहून, देशातले राजकीय वातावरण अस्वस्थ करणारे आहे, म्हणून 2019 च्या निवडणुकीपर्यंत देशासाठी प्रार्थना करा आणि शुक्रवारी उपास करा, असे सुचवले. सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांनी त्यावर झोड उठवली. पत्रात कोणत्या पक्षाचे नाव नव्हते. वसईपासून सोलापूरपर्यंतच्या मराठी चर्चमध्ये राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना वर्षानुवर्षे होत आली आहे, तिची बातमी कधी होत नाही. बातमी झाली ती 'अस्वस्थ' या एका शब्दामुळे.

सत्ता बदलली की प्रार्थनेची परीक्षा नव्याने सुरू होते. दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा सांगत फिरत की, येशू परत येईपर्यंत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच राज्य करील. बोथांनी मोरियात जे केले, त्याचीच ही दुसरी तऱ्हा. ऑक्टोबर 2011 मध्ये दलाई लामांना व्हिसा मिळण्यात टाळाटाळ झाली, तेव्हा टूटूंनी स्वतःच्या लोकांच्या सरकारला जाहीर बजावले की, वर्णभेदी सरकार जावे म्हणून आम्ही जशी प्रार्थना केली, तशी तुमच्यासाठीही करू. 1985 च्या प्रार्थनेवर ज्यांनी पक्षपाताचा आरोप केला होता, त्यांना हे उत्तर पुरेसे आहे. 2017 च्या एप्रिलमध्ये अँगस बुकन या शेतकरी धर्मोपदेशकाच्या हाकेवर ब्लूमफाँटेनजवळच्या माळावर लाखोंचा जमाव देशासाठी प्रार्थना करायला लोटला. दोष कोणाचा, हे तिथे कोणी विचारले नाही. पुढच्याच महिन्यात, 18 मे रोजी, चर्च परिषदेने सोवेटोच्या रेजिना मुंदीत आपला अहवाल मांडला. सरकारी कंपन्या आणि खाती काही मोजक्या लोकांनी कशी ताब्यात घेतली, याविषयी अधिकाऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी पाळकांपाशी येऊन मोकळ्या केलेल्या मनाचा तो सारांश होता. माळावरच्या गर्दीपुढे रेजिना मुंदीतली माणसे मूठभरच होती. मी गेलो असतो तर तिथे गेलो असतो.